कमरेला बांधलेला माग

माया लोक कधीच संपले, असं आपण ऐकत आलो. पण मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला देशात आजही लाखो माया लोक राहतात, 22 माया भाषा बोलतात.

तिथल्या बाया मागाचं एक टोक खांबाला बांधतात, दुसरं पट्ट्यानं आपल्या कमरेला. अंगानंच ताण देत ‘विपील’ नावाचा अंगरखा विणतात. नक्षीवरून बाईचं गाव ओळखू येतं. 1960 ते 1996 च्या यादवी युद्धात हीच ओळख जिवावर बेतली. दोन लाखांवर माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली. त्यांत बहुतेक माया. भीतीपोटी कित्येकींनी विपील घालणं सोडलं.

पुढे त्याच नक्षीची छापील नक्कल बाजारात स्वस्तात विकली जाऊ लागली. तेव्हा विणकर बाया एकत्र आल्या आणि 2016 मध्ये घटना न्यायालयात गेल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: नक्षी आईनं लेकीला दिली, ती साऱ्या गावाची आहे. 2017 मध्ये न्यायालयानं संसदेला यासाठी कायदा करायला सांगितलं.

एकटीदुकटीला हे जमलं नसतं. आजीकडून आलेलं कोणतं काम आपण जपतो आहोत, यावर गटाच्या बैठकीत नक्की बोलूया.