आवाजाची तोटी



कवीनं कवितेबद्दल बोलावं अशी लोकांची अपेक्षा असते. आज मात्र मी एका बटणाबद्दल बोलणार आहे. माझ्या टेबलावर एक पत्र्याची डबी आहे आणि तिच्यावर एक मोठं गोल बटण आहे. या डबीला वीज लागत नाही. तिच्यात बॅटरी नाही, दिवा नाही. बाजारात तिला 'पॅसिव्ह मॉनिटर कंट्रोलर' म्हणतात. नाव जड असलं तरी काम साधं आहे. घरी केलेलं ध्वनिमुद्रण स्पीकरवर ऐकताना आवाज किती ठेवायचा, ते या बटणानं ठरतं.

आपण सवयीनं 'आवाज कमी-जास्त करण्याचं बटण' म्हणतो. ही डबी फक्त आवाज कमी करते. बटण पूर्ण उघडलं, तर मागून जेवढा आवाज येईल तेवढाच पुढे जातो. पदरची भर ती घालत नाही. नळाच्या तोटीसारखं आहे हे. तोटी पाणी तयार करत नाही, टाकीत असेल तेच सोडते. ज्यांच्या पोटात विजेवर चालणारं मंडल असतं ते 'ॲक्टिव्ह' कंट्रोलर. ते आवाज वाढवूही शकतात, हेडफोन चालवू शकतात आणि अर्थात महागही असतात.

आता ध्वनिमुद्रण घरोघर आलं आहे. संगणक, एक बरा माइक, माइकचा आवाज संगणकात नेणारा ऑडिओ इंटरफेस आणि दोन स्पीकर एवढ्यावर काम भागतं. कीर्तनकार, भजनी मंडळं, कव्वाल, शिक्षक, आमच्यासारखे कवी, सगळे घरात मुद्रण करतात. खोलीचं दार लावायचं, पंखा बंद करायचा, कुकरची शिट्टी आणि अजान दोन्हींच्या वेळा सांभाळायच्या आणि बसायचं. केलेलं काम पारखून ऐकण्यासाठी जे स्पीकर वापरतात त्यांना 'मॉनिटर' म्हणतात. त्यांतल्या बहुतेकांच्या पोटातच ॲम्प्लिफायर असतो. इंटरफेस आणि हे स्पीकर यांच्या मध्ये आपली डबी बसते. ज्यांच्यात ॲम्प्लिफायर नाही असे स्पीकर असतील, तर डबी ॲम्प्लिफायरच्या आधी लावावी. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामधल्या तारेत ती लावली तर जळेल.

कुणी विचारेल, स्पीकरला स्वतःची बटणं असतातच की! असतात, पण बहुधा पाठीमागे, आणि डाव्या-उजव्या स्पीकरला वेगवेगळी. प्रत्येक वेळी मागे हात घालून दोन्ही सारखी फिरवणं होत नाही. मग माणूस संगणकाच्या पडद्यावरची आवाजाची पट्टी सरकवतो. त्यानं आवाजाचा दर्जा घसरतो असं सांगणारे भेटतात. सहा डेसिबल कमी केले की साधारण एक बिट खर्ची पडतो हे खरं; पण आजच्या 24 बिटांच्या यंत्रणेत घरगुती कामाला ते जाणवू नये. खरी अडचण वेगळी आहे. दुसरा एखादा प्रोग्राम उघडला किंवा काही नवं बसवलं की ती पट्टी कधीकधी आपोआप पूर्ण वर गेलेली असते आणि पहिलाच सूर कानावर आदळतो. डबीवरचं बटण जिथे ठेवलं तिथेच राहतं आणि ते हाताखाली असतं. तुमच्या इंटरफेसवरच स्पीकरसाठी असं चांगलं बटण असेल, तर वेगळी डबी घेण्याची गरज नाही, हेही सांगून टाकतो.

आता मुद्द्याकडे येतो. आवाज किती ठेवला यावर आपण काय ऐकतो, हेच बदलतं. 1933 साली अमेरिकेत हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी मानवी श्रवणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आवाज लहान असताना आपल्या कानाला खर्जातले सूर फार कमी ऐकू येतात आणि आवाज मोठा होत गेला की ते भरून येतात, हे त्यातून मोजमापासह पुढे आलं. म्हणजे तेच मुद्रण जरा मोठ्यानं लावलं की भरदार वाटतं, हळू लावलं की पातळ. मुद्रणात काहीच बदललेलं नसतं. दोन नमुन्यांतला एक अगदी थोडा मोठा असेल, तर आवाज मोठा आहे असं कानाला वाटतच नाही. तो 'चांगला' आहे असं वाटतं.

कविसंमेलनात जाणाऱ्यांना हे नवं नाही. मंडपातला माइकवाला आवाज चढवतो, थोडा घुमारा सोडतो आणि बेताची ओळसुद्धा टाळ्या घेऊन जाते. मुशायऱ्यात तरन्नुममध्ये म्हटलेली गझल आणि 'तहत'मध्ये, म्हणजे नुसती बोलून, सादर केलेली गझल यांतही असंच होतं. सुरानं शब्दाला हात दिला की नाही, हे घरी कागदावर वाचल्यावर कळतं. घरच्या मुद्रणात मात्र माइकवाला आपणच, कवीही आपणच आणि टाळ्या देणारेही आपणच. किराणा दुकानात पासंगाचा तराजू असेल तर गिऱ्हाईक फसतं. इथे दुकानदार आणि गिऱ्हाईक एकच आहेत.

यावर उपाय सोपा आहे. बटणावर एक खूण करायची. माझ्या बटणाशेजारी पांढऱ्या रंगाचा एक ठिपका आहे. निर्णय घ्यायचा तो बटण त्या ठिपक्यावर ठेवूनच. मोठ्या स्टुडिओंत अशी पातळी यंत्रानं मोजून ठरवतात. चित्रपटाच्या कामात 85 डेसिबल ही पातळी रूढ आहे. लहान खोलीत त्याहून बरीच खाली ठेवतात. आपलं काम बोललेल्या शब्दाचं असेल, तर यंत्राशिवायही जमतं. ज्याचा आवाज मुद्रित केला त्याला स्पीकरच्या जागी बसवा आणि आपण नेहमीच्या जागी बसून त्याचं बोलणं ऐका. मग त्याचंच मुद्रण लावा आणि दोन्ही सारखे वाटेपर्यंत बटण फिरवा. जिथे थांबाल तिथे ठिपका.

ही युक्ती मला कामाला आली ती माझ्या खालाच्या गाण्यांसाठी. खाला म्हणजे मावशी. जात्यावरच्या ओव्या आणि हळदीची गाणी तिला येतात. आमच्या घरात ती पुरती येणारी ती एकटीच उरली आहे. तिचं वय ऐंशीच्या पुढे. दरवर्षी थोडी थोडी करून मी ती उतरवून घेतो. एकदा शेजारचा मुलगा ऐकायला बसला होता. त्यानं उत्साहानं बटण पुढे फिरवलं. खाला दचकून म्हणाली, "अरे, एवढं मोठं कशाला? मी कुठे ओरडत होते?" तिचं म्हणणं बरोबर होतं. ओवी ही जात्याच्या घरघरीवर, पहाटे, घर झोपलेलं असताना म्हणायची गोष्ट. तिला मंडपाचा आवाज दिला, तर शब्द तेच राहतात, पण ओवी राहत नाही.

मुद्रण करताना तिच्या तोंडापासून माइक एक वीत, इंटरफेसवरची माइकची पातळी दर वेळी तीच आणि ऐकताना बटण ठिपक्यावर, एवढे नियम मी पाळतो. त्यामुळे एक गोष्ट ध्यानात आली. तीन वर्षांपूर्वीची ओवी आणि या वर्षीची ओवी लागोपाठ लावली, तर या वर्षीचा आवाज लहान आहे. ओळीच्या मध्ये पूर्वी न लागणारा श्वास आता लागतो. दर वेळी कानाला बरं वाटेल तसं बटण फिरवलं असतं, तर हे कळलंच नसतं. संगणकात दोन्ही आवाज सारखे करणं एका मिनिटाचं काम आहे. मी मूळ मुद्रण तसंच ठेवलं आहे. पुढे कुणी ते ऐकेल, तेव्हा त्याला खालाच्या गाण्याबरोबर तिचं वयही ऐकू यावं, असं मला वाटतं. गावातल्या नातेवाइकांना मोबाइलवर पाठवण्यासाठी वेगळी प्रत केली तर ती जरूर मोठी करावी. पण मूळ कोणतं आणि प्रत कोणती, हे लिहून ठेवावं.

आता डबीबद्दलच्या दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. बटणाच्या एकाच दांड्यावर डाव्या आणि उजव्या स्पीकरसाठी दोन भाग बसवलेले असतात. बटण अगदी सुरुवातीला असताना हे दोन भाग नेमके जुळतातच असं नाही. आवाज एका बाजूला कलतो. म्हणून स्पीकरच्या पाठीमागची बटणं आधी कमी करावीत, म्हणजे डबीचं बटण घड्याळातल्या बारा ते तीनच्या दरम्यान ठेवून काम करता येतं. दुसरी गोष्ट तारेची. डबीला स्वतःची ताकद नाही, त्यामुळे तिच्यापासून स्पीकरपर्यंतची तार फार लांब असेल, तर वरचे सूर झिजतात. घरातल्या दोन-तीन मीटर तारेनं काही बिघडत नाही. तीसेक मीटर लांबी झाली की मात्र कानाच्या वरच्या मर्यादेपाशी परिणाम सुरू होऊ शकतो. तिसरी गोष्ट क्रमाची. सुरू करताना आधी संगणक आणि इंटरफेस, शेवटी स्पीकर. बंद करताना आधी स्पीकर. नाहीतर 'धप्' असा आवाज होतो आणि तो स्पीकरला मानवत नाही.

काही डब्यांवर 'मोनो' लिहिलेलं एक लहान बटण असतं. ते दाबलं की डावा आणि उजवा आवाज एक होऊन दोन्हीकडे जातो. हे बटण आपल्याकडे फार उपयोगी आहे. मध्यम लहरींवरचा रेडिओ, साधा मोबाइल, मशिदीवरचा किंवा मंडपातला कर्णा, इथे आवाज एकाच वाटेनं येतो. दोन माइक लावून केलेलं मुद्रण असं एक केल्यावर काही सूर एकमेकांना खोडून टाकतात आणि आवाज पोकळ होतो. ते बाहेर जाण्यापूर्वी आपल्या खोलीत कळलेलं बरं.

आणि शेवटी कान. 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास, ही मर्यादा अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेनं कामगारांसाठी सुचवली आहे. त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. 88 ला चार तास, 91 ला दोन आणि 100 डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. रात्री काम करणाऱ्याचं बटण थकव्याबरोबर पुढे सरकत जातं, कारण थकलेला कान जास्त मागतो. ठिपका असला की हे सरकणं दिसतं. बटण ठिपक्याच्या पुढे जाऊ लागलं, की उठण्याची वेळ झाली असं समजावं. शेजाऱ्यांचाही विचार हवा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री बटण ठिपक्याच्या खाली आणून ऐकण्यात कमीपणा नाही. उलट, हळू आवाजातही शब्दन् शब्द कळला, तर मुद्रण चांगलं झालं असं मानायला हरकत नाही.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी आजी, आजोबा, एखादी आत्या असेल. त्यांच्याजवळ गाणी, गोष्टी, शेतीच्या म्हणी असतील. त्या उतरवून घ्या. त्यासाठी माझ्यासारखी डबी घ्यायलाच हवी असं नाही. मोबाइलवर मुद्रण करून घरच्या स्पीकरवर ऐकलं तरी चालेल. पण तुमच्या स्पीकरचं जे बटण असेल, त्याच्याशेजारी एक ठिपका काढा आणि पहिल्यांदा ऐकताना बटण त्या ठिपक्यावरून हलवू नका.