पायऱ्या, अपंग बांधव आणि कायदा

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या सभेत केलेले भाषण. बोललो तसेच लिहून काढले आहे, थोडे कमी-जास्त.)



समितीने मला बोलायला सांगितले तेव्हा मंडळींना वाटले, हा गिरणी कामगारांच्या घरांवर बोलणार. त्यावर मी वर्षभर बोलतच असतो. आज मी पायऱ्यांवर बोलणार आहे. हसू नका, पायरी ही फार मोठी गोष्ट आहे. ज्याला चढता येते त्याला ती दिसत नाही.

आमच्या साचेखात्यात माझ्या शेजारच्या साच्यावर एक जोडीदार होता. नाव सांगत नाही, तुमच्यातले बरेच जण त्याला ओळखता. साखरेच्या आजाराने आधी त्याचा एक पाय गेला, मग दुसरा. आता चाकाच्या खुर्चीत असतो. नोव्हेंबर आला की पेन्शनवाल्याला हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे मी अजून जिवंत आहे हे सरकारला कळवावे लागते. हल्ली हे मशीनवर बोट ठेवूनही होते. पण त्याच्या बोटाचा ठसाच उमटेना. सूत धरून धरून बोटावरच्या रेघा पुसल्यात त्याच्या. तेव्हा म्हणाले, समक्ष या.

ते कार्यालय जुन्या दगडी इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. मी खालून वर गेलो, विचारलं, साहेब खाली येतील का दोन मिनिटं? माणूस फाटकाशी बसलाय. उत्तर मिळालं, रजिस्टर खाली नेता येत नाही. मग काय, मी आणि त्याचा पुतण्या, दोघांनी त्याला खुर्चीसकट उचलला. चव्वेचाळीस पायऱ्या, मी मोजल्यात. जिना अरुंद. वरून येणारी माणसं भिंतीला चिकटून उभी राहत होती, तिरडीला वाट देतात तशी. पहिल्या मजल्याच्या वळणावर त्याने खांद्यावरचा टॉवेल तोंडावर ओढून घेतला. मला वाटलं ऊन लागतंय. ऊन कुठलं त्या जिन्यात!

त्या दिवशी मी घरी छाती फुगवून आलो. बायकोला सांगितलं, बघ, जोडीदाराचं काम करून आलो. पुढे पौर्णिमेला त्याला विहारात आणायला गेलो तर तो म्हणाला, "नको. तू उचलशील रे, मला उचलून घ्यायचं नाही." खरं सांगतो, मला राग आला. एवढं केलं त्याचं काही नाही का? तो राग जायला मला बरेच दिवस लागले, आणि तो घालवला एका परक्या माणसाच्या खटल्याने.

आपल्या वस्तीतला एक मुलगा वकील झाला आहे. त्याने मला अमेरिकेतला एक निकाल समजावून सांगितला. तो मी दोनदा ऐकला. तिकडे टेनेसी नावाच्या राज्यात पोक काउंटी आहे, काउंटी म्हणजे आपला जिल्हा-तालुका म्हणा. तिथले न्यायालय जुने, न्यायदालन वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जॉर्ज लेन नावाचा माणूस, कमरेखाली अधू, चाकाच्या खुर्चीवर. तो काही साधुसंत नव्हता. गाडी बेफाम चालवल्याचा आरोपी म्हणूनच त्याला १९९६ साली तिथे बोलावले होते. पहिल्या तारखेला तो हातांवर सरपटत दोन जिने चढून गेला. दुसऱ्या तारखेला त्याने सांगितले, मी सरपटणार नाही आणि शिपायांकडून उचलूनही घेणार नाही. मी खाली हजर आहे. तर त्याला तारखेला गैरहजर ठरवून अटक केली, तुरुंगात टाकले. इमारतीच्या दारात आलेला माणूस गैरहजर!

त्याच्यासोबत बेव्हर्ली जोन्स नावाच्या बाई होत्या. न्यायालयातले बोलणे टिपून घेण्याचे त्यांचे काम. त्याही खुर्चीवर. राज्यातल्या कितीतरी न्यायालयांत शिरताच येत नव्हते, म्हणून हातचे काम जात होते. एकाला न्यायालय आरोपी म्हणून हवे होते, दुसरीला पोटासाठी. दोघांनी मिळून १९९८ साली राज्यावर दावा लावला.

राज्याने काय म्हणावे? पायऱ्या बरोबर आहेत असे म्हणायची सोयच नव्हती, कारण अपंगांच्या हक्काचा कायदा तिथे १९९० सालीच झाला होता. त्या कायद्यासाठी लोकांनी वॉशिंग्टनला संसदेच्या पायऱ्यांवर खुर्च्या आणि कुबड्या टाकून देऊन अंगावर सरपटत मोर्चा नेला होता. म्हणून राज्य म्हणाले, आमच्यावर असा भरपाईचा दावा केंद्राच्या न्यायालयात चालतच नाही, राज्याला त्यापासून संरक्षण आहे. वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १७ मे २००४ रोजी निकाल लागला. नऊ न्यायमूर्ती, पाच एका बाजूला, चार दुसऱ्या. एका मताने ठरले की न्यायालयात पोचणे हा मूलभूत हक्क आहे आणि त्यासाठी राज्यावर दावा चालेल.

आता, "इमारत जुनी आहे हो, काय करणार?" हे वाक्य तुम्ही-आम्ही सगळीकडे ऐकतो. त्या कायद्याने त्याचे उत्तर कसे दिले ते ऐका. २६ जानेवारी १९९२ नंतर बांधायला घेतलेली सरकारी इमारत अपंगांना जाता येईल अशीच पाहिजे. (तारीख आपल्या प्रजासत्ताक दिनाची, पण तो योगायोग.) त्याआधीच्या जुन्या इमारतीला सवलत आहे, प्रत्येक भिंत फोडा असे तिला म्हटलेले नाही. पण तिच्यातले काम लोकांपर्यंत पोचलेच पाहिजे. लिफ्ट बसत नसेल तर सुनावणी तळमजल्यावर घ्या. साहेब खाली उतरू द्या. म्हणजे जुनेपणाची सवलत दगडांना आहे, साहेबांना नाही. हे कळले तेव्हा मला ते रजिस्टर आठवले.

आपल्याकडे काय? आपल्याकडे कायदे चांगले आहेत, त्यांच्यात भोके ठेवलेली असतात. १९९५ चा अपंग कायदा ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. त्यात सार्वजनिक इमारतींना उतार करा असे लिहिले, आणि शेजारीच लिहिले की आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. आता कोणत्या खात्याची कुवत कधी पुरली आहे? मग २०१६ चा कायदा आला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. आता शब्द 'दिव्यांग' झाला. शब्द बदलायला वेळ लागला नाही, पायऱ्या तशाच आहेत. पण या कायद्याचे ४५ वे कलम नीट वाचा. नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांत सर्व जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करा, असे ते म्हणते. नियम १५ जून २०१७ ला निघाले. म्हणजे २०२२ च्या जूनमध्ये पाच वर्षे भरली. काही बाबतीत सरकारला मुदत वाढवून देता येते, ते मी लपवत नाही. पण २०२३ च्या ऑक्टोबरात आपल्या मुंबईत, खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात, विराली मोदी या अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या बाईंना स्वतःच्या लग्नासाठी उचलून दुसऱ्या मजल्यावर न्यावे लागले. लिफ्ट नव्हती आणि अधिकारी खाली आले नाहीत. पेपरात वाचले तेव्हा मला वाटले, हा जिना मी चढलोय.

आपल्या देशातला मोठा खटला राजीव रतुरी यांचा. ते दृष्टिहीन. २००५ साली त्यांनी संविधानाच्या ३२ व्या कलमाखाली थेट सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. या कलमाला बाबासाहेबांनी घटना समितीत संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले होते हे इथल्या लहान पोरालाही माहीत आहे. ते वापरताना मात्र आपण कमी दिसतो. १५ डिसेंबर २०१७ ला न्यायालयाने सरकारला मुदती घालून दिल्या. मुदती गेल्या. मग हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठाच्या अपंगविषयक केंद्राला प्रत्यक्ष काय आहे ते बघायला सांगितले. शेवटी ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने नियम १५(१) रद्द ठरवला. का? कायदा म्हणतो 'केलेच पाहिजे', आणि सरकारने नियमात नुसत्या मार्गदर्शक सूचना घातल्या होत्या, पाळल्या तर पाळल्या. बंधनकारक नियम तीन महिन्यांत करा, असा हुकूम झाला. अर्ज ते निकाल, मधे एकोणीस वर्षे. गिरणीच्या खटल्यांत आयुष्य गेलेल्या माणसाला त्याचे नवल वाटत नाही, पण वाईट वाटते.

एक गोष्ट मला खटकते, ती इथेच बोलतो. संविधानाचे १५ वे कलम बघा. विहिरी, तळी, रस्ते, दुकाने, उपाहारगृहे, कुणाला अडवता येणार नाही. हे कलम का आले ते आपल्या आज्या-पणज्यांना विचारायला नको. पण त्यात कारणे मोजून दिली आहेत. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान. अपंगत्व त्या यादीत नाही. म्हणून अपंग माणसाला समानतेचे १४ वे कलम, जगण्याचे २१ वे, असा वळसा घालून यावे लागते. तळ्यावर हाकलणारा माणूस समोर उभा दिसत होता. पायरी कुणाला हाकलत नाही. ती नुसती असते. तिच्यावर मोर्चा कसा काढायचा?

आणि आता आपल्या घराकडे येतो. २०१६ च्या कायद्यात सार्वजनिक इमारतीची व्याख्या आहे. तीत सरकारी आणि खाजगी दोन्ही इमारती येतात. शाळा, दवाखाने, दुकाने, न्यायालये, आणि धार्मिक व सांस्कृतिक कामाच्या जागासुद्धा. म्हणजे आपला विहार आला. आपल्या दाराला तीन पायऱ्या आहेत. आपण वर्षानुवर्षे म्हणतो, कुणी अपंग आला तर आपली पोरं आहेत की उचलायला. मीही म्हणत होतो. मीच पुढे असायचो. जोडीदार पौर्णिमेला येत नाही, त्यात माझेही हात आहेत. उद्या त्याने विहार समितीविरुद्ध पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे अर्ज केला, तर त्याचा अर्ज लिहून द्यायला मीच बसेन, अध्यक्षांनी रागावू नये.

पण त्याची गरज पडू नये म्हणून मी मागच्या आठवड्यात टेप घेऊन गवंड्याला आणले. एक पायरी सात इंच, तीन पायऱ्या एकवीस इंच. हिशोब असा की एक इंच उंचीला बारा इंच उतार, म्हणजे माणूस स्वतःच्या हाताने चाक फिरवून चढतो. एकवीस इंचाला एकवीस फूट लागतात. तेवढी सरळ जागा आपल्यापुढे नाही, गटार येते. म्हणून भिंतीला लागून अकरा फूट, मग खुर्ची वळण्यापुरती पाच फूट सपाट जागा, मग दहा फूट. रुंदी चार फूट, दोन्ही बाजूंना कठडा. गवंड्याने सांगितलेला आकडा गेल्या वर्षीच्या मंडपाच्या खर्चापेक्षा कमी आहे. दोन अडचणी आहेत. देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी झाकली जाते, ती वरच्या बाजूला हलवावी, ज्यांची नावे आहेत त्यांना मी स्वतः जाऊन विचारले आहे, एकानेही नाही म्हटले नाही. दुसरे म्हणजे चपलांचे कपाट मधे येते.

जोडीदाराला मी अजून यातले काही बोललेलो नाही. काम होऊ दे, सिमेंट वाळू दे, मग सांगीन.

गवंडी रविवारी सकाळी आठला येणार आहे. कपाट जड आहे, उचलायला चार माणसे लागतील. जयभीम.