पाहुण्यांसाठी खोली ठरवताना
(मंडळाच्या श्रावणातील मासिक सभेत केलेले भाषण)



इंदूरच्या पाहुणचाराचा आपल्याला अभिमान आहे आणि तो खोटा नाही. पाहुणा आला की सकाळी पोहे-जिलबी, रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस, हे ठरलेलंच. पण पाहुणा चाकांच्या खुर्चीतून आला तर काय होतं, ते आम्हा दोघांना गेल्या हिवाळ्यात कळलं.

मुलाच्या लग्नाला पुण्याहून आत्या आल्या. कमरेखाली बळ नाही, सहा वर्षं व्हीलचेअरवर. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही; म्हणून त्यांच्यासाठी हॉटेलात खोली घेतली, चांगल्यापैकी. फोनवर दोनदा विचारलं. उत्तर आलं, ‘‘हाँ जी, लिफ्ट है. और लड़के हैं ना, उठा लेंगे.’’ आम्हाला ते सौजन्य वाटलं!

दारात चार पायऱ्या. उतार होता, पण मागे स्वयंपाकघराकडे, सिलिंडर चढवायला केलेला. इतका उभा की खुर्ची कलंडायची. शेवटी तीन पोरांनी आत्यांना खुर्चीसकट उचललं. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. पोरं भली होती, त्यांना बोल नाही. वर खोलीत गेलो तर बाथरूमचं दार चोवीस इंच आणि खुर्ची सव्वीस. दोन दिवस आत्या जेमतेम घोटभर पाण्यावर राहिल्या, बाथरूमला जायची वेळच येऊ नये म्हणून. पंगतीतूनही ‘‘पोट बरं नाही’’ सांगून लवकर निघाल्या. खरं कारण त्यांच्या सुनेने परतीच्या वेळी सांगितलं. तोवर आम्ही आहेराच्या याद्या करत होतो.

तेव्हापासून फोनवर ‘सोय आहे का’ असं आम्ही विचारत नाही. ‘टेप लावून सांगा’ म्हणतो. सरकारच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनांत मापं दिलेली आहेत: एक इंच चढायला किमान एक फूट लांब उतार, दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन फूट, आणि खुर्ची वळायला पाच फुटांची जागा. कमोडशेजारी धरायला दांडी आहे का, हेही विचारावं. फोटो मागवावा, बाथरूमचा, रिसेप्शनचा नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६चा आहे आणि तो खासगी सेवांनाही लागू आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, की सुगम्यतेचे नियम नुसत्या सल्ल्यासारखे असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. तेव्हा विचारताना ओशाळायचं कारण नाही.

हॉटेलवाल्यांना नावं ठेवून झाल्यावर आम्ही आपल्या या सभागृहाकडे पाहिलं. तीन पायऱ्या, प्रत्येकी सात इंच. म्हणजे एकवीस फुटांचा उतार हवा. डाव्या हाताचं अंगण, जिथे आपण चपला काढतो, तेवढं पुरेल असं वाटतं. बाथरूमच्या दाराबद्दल न बोललेलं बरं. दरवर्षी आरतीला आपले दोन जुने सभासद दिसत नाहीत, प्रसाद मात्र आपण त्यांच्या घरी आठवणीने पोचवतो. त्यांना यायचं आहे का, हे आपण कधी विचारलेलं नाही.

गणेशोत्सवाला यंदा यायची आत्यांची इच्छा आहे. आम्ही अजून त्यांना काही कळवलेलं नाही.

टेप बरोबर आणला आहे. सभा संपल्यावर दोघं-चौघं थांबलात, तर आजच अंगण मोजून घेऊ.