दोष आईचा नव्हे



मूल नजरेला नजर देत नाही, एकच शब्द घोकते, की आपण लगेच म्हणतो, “आईने वळण लावले नाही!” हाच आरोप एके काळी मोठमोठ्या पंडितांनीही केला. अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांच्या हकीकती लिहून ऑटिझमची ओळख करून दिली. पुढे कित्येक वर्षे, आईची माया थंड म्हणून मूल असे, असेच मानले गेले. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञांनी ग्रंथ लिहून हे मत खोडले. त्यांचा स्वतःचा मुलगाही ऑटिस्टिक होता.

ही ठेवण जन्मजात असते. आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने अशा व्यक्तींना भेदभावापासून संरक्षण दिले आहे. पण त्या मायलेकरांना हळदीकुंकवाला बोलावणे हे काही कायद्याचे काम नव्हे. ते आपले आहे.