प्रश्न विचारणारी मुले आपलीच



तरुणांच्या ख्रिस्ती विश्वासाबद्दल बोलायला आपण मोठे शहर न निवडता नाटे गावात जमलो, हे बरे झाले. शहरातल्या मोठ्या मंडळीत तरुणांसाठी वेगळा सेवक असतो, शिबिरे होतात. लहान मंडळीत पाच वर्षांचे पोर आणि पंधरा वर्षांची मुलगी एकाच चटईवर बसून एकच वचन पाठ करतात. बारावी झाली की मुले रत्नागिरी, कोल्हापूर, मुंबई गाठतात. आपल्या वाट्याला त्यांची जेमतेम चार-पाच वर्षे येतात. ती कशी वापरायची, एवढाच आज माझा विषय.

आधी एक जुना वाद आठवू. शेजारच्या देवगड तालुक्यातले पोंभुर्ले हे समाजसुधारक बाळशास्त्री जांभेकरांचे गाव. त्यांच्या काळात, 1843 साली, मुंबईत नारायण शेषाद्रींनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत बाराएक वर्षांचा. तोही मिशनऱ्यांकडे होता. प्रकरण कोर्टात गेले आणि कोर्टाने मुलगा वडिलांच्या हवाली केला. मग त्याला जातीत परत घ्यावे की नाही, यावर रण माजले. प्रायश्चित्त देऊन घ्यावे, अशी बाजू बाळशास्त्रींनी घेतली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. त्यांचे धैर्य मोठे होते, यात शंका नाही. पण त्या साऱ्या वादाचा मुद्दा एकच होता : पोर कोणाचे? आज आपणही ‘मुले हातची जातील’ या धास्तीने बोलतो, तेव्हा त्याच भाषेत बोलत असतो.

आपल्या पूर्वजांची वाट वेगळी होती. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मलेले कवी नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लगेच त्यांच्यामागून गेल्या नाहीत. त्या रडल्या, भांडल्या, वेगळ्या राहिल्या. स्वतःला पटले तेव्हाच, काही वर्षांनी, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा 1854 सालचा, वयाच्या तेविसाव्या वर्षीचा. तिथवर पोचताना मनाची झालेली ओढाताण त्यांनी ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात मांडली. ज्या समाजाचा पाया अशा माणसांनी घातला, त्याने सोळा वर्षांच्या मुलाच्या शंकेला घाबरावे?

एक प्रसंग सांगतो. उपासना संपली होती, सतरंज्या गुंडाळणे चालले होते. अकरावीतल्या एका मुलाने हळूच विचारले, “आजीसाठी सगळ्या मंडळीने प्रार्थना केली. मग ती गेली कशी?” जवळच्या वडीलधाऱ्याने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, “आपला विश्वास कमी पडला.” मुलगा काही बोलला नाही. सतरंजी कोपऱ्यात ठेवून निघून गेला. आजीच्या मरणाचा दोष आपण त्याच्या पदरात टाकला, हे त्या गृहस्थांच्या ध्यानीही आले नसेल. बायबलमधल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले, तोवर त्यांचे बरोबर होते. तोंड उघडले आणि बिघडले. “मलाही कळत नाही, पण तुझ्या आजीबद्दल सांग,” एवढे म्हणता आले असते, तर तो मुलगा तिथे बसला असता.

पौलाने तीमथ्याला लिहिताना त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या विश्वासाची आठवण केली. पण तो तिथेच थांबला नाही. तीमथ्याला त्याने प्रवासात बरोबर नेले, जबाबदारी दिली, तरुण म्हणून कोणी तुला तुच्छ मानू नये असे बजावले. घरचा वारसा आणि घराबाहेरचे एक भरवशाचे माणूस, मुलाला दोन्ही लागतात.

म्हणून माझ्या चार सूचना आहेत. प्रत्येक मंडळीने प्रत्येक तरुणासाठी आईवडिलांखेरीज एक मोठे माणूस नेमावे; मुलाच्या पसंतीने आणि पालकांना सांगून. तरुण संघाच्या सभेत निदान अर्धा तास मुलांच्या प्रश्नांसाठी ठेवावा, आणि उत्तर येत नसेल तर तसे सांगावे. तिसरी सूचना कडक आहे : मुलांना बंद दाराआड भेटू नये. मुलाने लैंगिक अत्याचाराची गोष्ट सांगितली तर ‘कोणाला सांगणार नाही’ असा शब्द देऊ नये. बालकांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012 च्या पोक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मंडळीची अब्रू मुलापेक्षा मोठी नाही. चौथी सूचना अशी, की शिकायला बाहेर पडणाऱ्या मुलाच्या हाती नुसते शिफारसपत्र देऊन थांबू नये. तिथल्या मंडळीतल्या एका माणसाशी त्याची आधी गाठ घालून द्यावी, आणि पहिले वर्षभर फोन आपण करावा. “उपासनेला गेलास का?” हा प्रश्न शेवटी, “जेवतोस कुठे?” हा पहिला.

एवढे करूनही काही मुले दूर जातील. त्यांच्यावर रुसू नका, त्यांच्या आईबापांना चारचौघांत टोचू नका. नाताळला ती घरी येतील, तेव्हा “इतके दिवस कुठे होतास?” असा जाब न विचारता त्यांना शेजारी जागा द्या. विश्वास धरायचा की नाही, हे ठरवण्याचा हक्क त्यांचा आहे. ते ठरवत असताना त्यांच्याजवळ कोणीतरी असावे, ही जबाबदारी आपली आहे. दुपारच्या चर्चेत या चार सूचनांवर ठराव व्हावा, आणि ठरावाखाली मंडळीच्या नावाबरोबर ते काम अंगावर घेणाऱ्या माणसाचेही नाव यावे, एवढी विनंती करून मी थांबतो.