फुटलेला आवाज आणि तालीम

आमच्या गेवराईत एखाद्या मुलाचा गळा गोड निघाला की भजनी मंडळी त्याला कौतुकाने पुढे बसवितात, एकादशीच्या रात्री त्याच्याकडून आग्रहाने अभंग म्हणवून घेतात. आणि चौदा-पंधराव्या वर्षी त्याचा आवाज फुटला म्हणजे त्याच मुलाच्या हाती टाळ देऊन त्याची रवानगी मागच्या रांगेत होते. चांगल्या गळ्यांची ही वासलात पाहून माझा जीव तुटतो, आणि म्हणूनच आज गायनाचार्य भास्करबुवा बखले यांच्या तालमीविषयी बोलण्याचे मी योजिले आहे.

ध्वनिक्षेपक येण्यापूर्वीच्या आपल्या संगीत नटाला केवळ श्वासाच्या बळावर भरल्या नाट्यगृहाच्या अखेरच्या रांगेपर्यंत शब्द आणि स्वर पोहोचवावे लागत. 1869 साली गुजरातेतील कठोर येथे जन्मलेले भास्करबुवा बालवयातच किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले, आणि ‘रामराज्यवियोग’ नाटकातील कैकेयीच्या भूमिकेत त्यांनी गायिलेली पदे ऐकून प्रत्यक्ष बीनकार बंदे अली खाँसाहेब प्रसन्न झाले. पुढे आवाज फुटला, आणि मंडळीतले त्यांचे स्थान गेले.

येथेच बहुतेकांचे गाणे संपते. बुवांचे येथून सुरू झाले. बडोद्यास फैज महंमद खाँ यांच्या घरी राहून, गुरुसेवा करीत त्यांनी खडतर मेहनत केली. नंतर आग्रा घराण्याचे नत्थन खाँ यांची तालीम घेतली. आणि गवई म्हणून नावलौकिक झाल्यावरही अल्लादिया खाँसाहेबांपुढे ते पुन्हा शिष्य होऊन बसले. या खाँसाहेबांचा स्वतःचा आवाजही ऐन उमेदीत अतिगायनामुळे बसला होता, व बदललेल्या आवाजाला साजेल अशी निराळी गायकी त्यांनी घडविली होती, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तीन घरची विद्या घेऊन बुवांनी 1911 साली पुण्यास भारत गायन समाज स्थापिला, आणि पुन्हा रंगभूमीकडे वळून 1916 साली ‘स्वयंवर’ नाटकातील पदांना ख्यालाच्या चिजांवरून चाली देऊन त्या आपले शिष्य बालगंधर्व यांच्या गळ्यात उतरविल्या.

आता आपल्या गावच्या मुलांकडे वळू. आवाज फुटतो तो स्वरयंत्र वाढून त्यातील पडदे लांब व जाड होतात म्हणून. मुलाचा सूर त्यामुळे सुमारे एका सप्तकाने खाली येतो. त्या काळात जुन्या पट्टीत ओरडून गाण्याचा हट्ट धरला तर गळ्याला इजा होते. ज्या घरी असा मुलगा आहे, त्या घरच्यांना माझी विनंती आहे की, आवाज स्थिर होईपर्यंत त्याच्याकडून वरच्या पट्टीत काही म्हणवून घेऊ नये; पहाटे थोडा वेळ, तंबोरा नसल्यास पेटीचा एक स्वर धरून, सहज लागेल तेवढाच खालचा षड्ज त्याने हलकेच लावावा, आणि घसा दुखू लागताच थांबावे. बाकीचा वेळ त्याने ताल हातावर धरावा, चिजा नुसत्या पाठ कराव्यात, पुष्कळ ऐकावे. भजनी मंडळींनीही त्याला टाळ द्यावा, परंतु पुढच्या रांगेतच बसवून. आणि आवाज ठरला की अंबाजोगाईस वा छत्रपती संभाजीनगरास जाणत्या गवयाकडे त्याला स्वतः घेऊन जावे.