पाकिटावर नाव कुणाचं?

(महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला भाषणाची सवय नाही. मी मिरजेत राहते. घरी कांदा-लसूण मसाला करते आणि रमजानच्या आधी शेवया. तेवढ्याबद्दलच बोलते.

काही वर्षांपूर्वी माझा सगळा मसाला एक दुकानदार घ्यायचा. तो म्हणाला, "भाभी, तुम्ही कशाला कागदाच्या भानगडीत पडता? माझ्याकडे नंबर आहे, माझं लेबल लावतो." मला बरंच वाटलं. मला किलोला २८० रुपये मिळायचे, तो ४४०ला विकायचा. मग एका पावसाळ्यात एका गिऱ्हाइकाच्या पाकिटात बुरशी निघाली. दुकानदार सगळ्यांसमोर म्हणाला, "माल हिच्या घरचा आहे." चांगला होता तोवर मसाला त्याचा होता, खराब निघाला तेव्हा माझा झाला.

पण खरं सांगते, माझ्याकडेही उत्तर नव्हतं. ते पाकीट कोणत्या दिवशीच्या मसाल्याचं, कांदा नीट वाळला होता का, काहीच लिहून ठेवलं नव्हतं. माणसं तो मसाला खातात, त्यांची मुलंबाळं खातात. तेव्हा मी ठरवलं, आता नंबर माझ्या नावाचाच घ्यायचा.

आपला अन्नसुरक्षा कायदा २००६चा. परवाना आणि नोंदणीचे नियम २०११चे. घरातून विकणारी बाईसुद्धा त्यात येते. मोठ्या कारखान्याला परवाना लागतो, आपल्यासारख्या छोट्यांना साधी नोंदणी. २०११च्या नियमात वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला नोंदणी पुरेशी ठेवली होती. मी केली तेव्हा फी वर्षाला १०० रुपये होती. अर्ज ऑनलाइन होतो. नंबर १४ आकडी असतो. नोंदणीचा नंबर २ ने सुरू होतो, परवान्याचा १ ने. तो ज्या जागेसाठी आणि ज्या माणसासाठी दिला, त्याचाच असतो. दुसऱ्याचा नंबर आपल्या मालावर चालत नाही.

ऐकायला सोपं वाटतं. माझी गाडी अडली ती नावावर. आधारवर माझ्या नावापुढे 'बी' लागलेलं, शाळेच्या दाखल्यावर ते नाही, बँकेत सासरचं आडनाव. आपल्यापैकी किती जणींचं असं आहे, हात वर करा बघू... बघा! लाईट बिल सासऱ्यांच्या नावावर, आणि ते वारलेले. दीर म्हणाले, "घरातल्या घरात मसाला कुटायचा, त्याला सरकार कशाला?" संमतीपत्रावर त्यांची सही मिळायला दोन महिने लागले. आधार दुरुस्त करायला तीन फेऱ्या झाल्या. म्हणून सांगते, आधी कागदांवरचं नाव एक करून घ्या. मसाल्याची नोंदणी नंतर. ते एक नाव रेशनला, वारसाहक्काला, सगळीकडे कामाला येतं.

एजंट मला दोन हजार मागत होता. देऊ नका. बचतगटातल्या शिकलेल्या मुलीला जवळ बसवा आणि अर्ज भरा. आणि हे लक्षात ठेवा: २०११च्या नियमांप्रमाणे अर्ज आल्यावर ७ दिवसांत अधिकाऱ्याने नोंदणी द्यावी, कारण लिहून नाकारावी, नाहीतर तपासणीची नोटीस द्यावी. तपासणी लावली तर ३० दिवसांत निर्णय. काहीच झालं नाही तर धंदा सुरू करण्याची मुभा नियमातच आहे. त्यामुळे खिडकीवर हात जोडून उभं राहायची गरज नाही. अर्जाची पावती जपून ठेवा आणि तारीख विचारा.

पण बहिणींनो, नंबर मिळाला म्हणजे माल चांगला झाला असं नाही. नंबर म्हणजे एवढंच, की काही बिघडलं तर कुणाला विचारायचं ते लिहिलेलं आहे. आता माझी एक वही आहे. मिरची कुठून आणली, कांदा किती दिवस वाळवला, कोणत्या तारखेला कुटलं, कोणत्या बॅचची किती पाकिटं. पाणी पिण्याचं वापरायचं, नखं कापायची, ताप-जुलाब असेल त्या दिवशी हात लावायचा नाही. पाकिटावर घटक, वजन, बॅच, तयार केल्याची आणि संपण्याची तारीख, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, नाव आणि पत्ता.

मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकाने वास येतोय म्हणून पाकीट परत आणलं. मी बॅच पाहिली, त्या दिवशीची उरलेली अकरा पाकिटं दुकानांतून परत मागवली आणि टाकून दिली. नुकसान झालं, पण या वेळी मान खाली घालावी लागली नाही. दुकानदारही म्हणाला, "आपा, पुढची बॅच कधी देताय?"

पहिलं लेबल छापून आलं तेव्हा माझी अम्मी घरी आली होती. तिने आयुष्यभर दुसऱ्यांसाठी शेवया वळल्या. तिला वाचता येत नाही. तिने लेबलावर बोट ठेवून विचारलं, "इसमें तेरा नाम कहाँ है?" मी दाखवलं. ती बराच वेळ तिथेच बोट ठेवून बसली.

तुमच्या हातचं आहे, तर नावही तुमचंच घाला. शिव्या आल्या तरी त्या आपल्याच नावावर येऊ द्या. आज मी माझे सगळे कागद सोबत आणले आहेत. चहा झाला की या, बसून बघू.